खडू, वंशावळ आणि शेऱ्याचा रकाना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात याच सदरात एका वाचकांचे पत्र आले होते. ऑस्ट्रेलियाचे कलावंत आर्ची मूर यांनी काळ्या भिंतींवर खडूने नावे लिहिली आणि त्यांना व्हेनिसच्या द्वैवार्षिकीत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, सुवर्णसिंह हा मोठा पुरस्कार मिळाला. मग आमच्या गावच्या गुरुजींनीच काय घोडे मारले होते, असा त्यांचा सवाल. वाचून मलाही हसू आले. पण ते काम मी समोर उभे राहून पाहिले आहे, आणि नोकरीची चौतीस वर्षे सोलापुरात सरकारी रेकॉर्ड रूममध्ये काढली आहेत. म्हणून हे पत्र.

मुलगी ब्रिस्बेनला असते. तिच्याकडे गेलो असताना जावईबापू नदीकाठच्या ‘गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट’मध्ये घेऊन गेले. तिकीट नव्हते. गुडघे बोलत होते, त्यामुळे बाहेरच एखादे बाकडे गाठायचा माझा बेत होता. आत गेलो आणि तासभर बसायचे विसरलो.

कामाचे नाव ‘किथ अँड किन’, म्हणजे आपल्या भाषेत सगेसोयरे. मूर यांचा जन्म १९७० चा, क्वीन्सलँडमधल्या टूवुम्बाचा. आईकडून ते कामिलारोई आणि बिगाम्बुल या आदिवासी समाजांचे, वडिलांकडून ब्रिटिश-स्कॉटिश. वंशावळ ‘मी’ या एका शब्दापासून निघते आणि चौकटीमागून चौकट वर चढत छताला जाऊन भिडते. पासष्ट हजारांहून अधिक वर्षे, चोवीसशेच्या वर पिढ्या. सगळे हाताने लिहिलेले. वर वर जाल तशी अक्षरे बारीक होतात, मान दुखेपर्यंत बघितले तरी लागत नाहीत. अंगणात बाज टाकून पडल्यावर चांदण्या दिसाव्यात तशी दिसतात.

माझे लक्ष मात्र खालच्या ओळींत अडकले. तिथे धड नावे नाहीत. कुठे नुसते टोपणनाव, कुठे गोऱ्यांनी ठेवलेली शिवी, कुठे रक्ताचा हिशेब: हा ‘पूर्ण’, तो ‘अर्धा’. सरकारी कागदांत आणि जुन्या टिपणांत पूर्वज जसे सापडले तसेच त्यांनी उतरवले. पुसून, गोड करून घेतले नाही. मध्येच मोठमोठी काळी भोके आहेत, तिथे खडू लागलेलाच नाही. देवीच्या साथी आल्या, कत्तली झाल्या, तिथे वंशच तुटला.

आमच्या रेकॉर्डात शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. माणूस काय होता ते त्या दोन बोटांच्या जागेत कारकून ठरवतो. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचता येते म्हणून मला निवृत्तीनंतरही बोलावणे आले होते. लाल रुमाल सोडायचा, धूळ झटकायची, कोतवाल बुकाचे, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीचे, पान उलटायचे. ‘अमक्याची बायको, वय अदमासे ३०, तापाने मयत.’ नाव नाही. ‘तमक्याची मुलगी, वय ३ दिवस.’ नाव नाही. नवऱ्याची जात मात्र न चुकता. त्याच दप्तरात सोलापूरच्या सेटलमेंटमधले हजेरीचे गठ्ठेही पाहिले आहेत. १८७१ पासूनच्या इंग्रजी कायद्यांनी ज्यांच्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या, ती माणसे तारेच्या कुंपणाआड हजेरी देत. ३१ ऑगस्ट १९५२ ला ती सुटली. कुंपण गेले, वस्तीचे नाव अजून सेटलमेंटच आहे.

क्वीन्सलँडचा आदिवासींसाठीचा १८९७ चा ‘संरक्षण’ कायदा मी घरी येऊन मुलीकडून समजून घेतला. संरक्षण म्हणजे काय, तर लग्नाला साहेबाची परवानगी, गाव सोडायला परवानगी, आणि मजुरीचे पैसेही साहेबाच्याच ताब्यात. कायद्यातून सुटका हवी तर अर्ज करायचा. १९६७ पर्यंत तर देशाची लोकसंख्या मोजताना या लोकांना धरायचेच नाही, असे कलमच राज्यघटनेत होते. म्हणजे एका कागदात गणती नाही आणि दुसऱ्या कागदात रक्ताचा हिशेब. बोरू सगळीकडे त्याच दौतीतला.

मूर यांचे जुने एक काम मी फक्त फोटोत पाहिले आहे. २०१६ साली त्यांनी सिडनीत, ऑपेरा हाऊसजवळच्या बागेत, एक छोटे विटांचे घर उभे केले. गव्हर्नरने बेनेलाँग या आदिवासी पुरुषासाठी अठराव्या शतकात बांधलेल्या घरासारखे. आत शिरावे तर आजीची पत्र्याची झोपडी, खाली मातीची जमीन. बाहेरून सरकारी मेहेरबानी, आत आजीचा संसार! मला ते भिंतीइतकेच आवडले.

त्या पत्रलेखकांचा गुरुजींचा मुद्दा मी सोडून देत नाही. फळा आणि खडू शाळेतलेच आहेत, पण गुरुजी पुस्तकात होते ते लिहीत. इथे जे पुस्तकात नव्हतेच ते फळ्यावर आले आहे. आणि मावशी-आत्या सगळ्यांना एकाच ‘आंटी’त कोंबणाऱ्या भाषेत राहून, मावशीलाही आईच मानणाऱ्या समाजाची नाती मांडायची! ‘माय मरो, मावशी जगो’ म्हणणाऱ्या आपल्याला ते जड जाऊ नये.

दालनाच्या मधोमध काळ्या पाण्याचे उथळ कुंड आहे, त्यावर पांढरे टेबल आणि टेबलावर कागदांचे पाचशेहून अधिक गठ्ठे. बहुतेक मृत्यूचौकशीचे अहवाल. कोठडीत मरणाऱ्या आदिवासींबद्दल नेमलेल्या शाही आयोगाने १९९१ मध्ये ३३९ शिफारशी केल्या; हे गठ्ठे त्यानंतर मेलेल्यांचे. नावांवर काळे फासलेले. कोणता गठ्ठा जाड, कोणता चार पानांचा.

कडेचा एक मला किंचित तिरका वाटला. सवयीने हात पुढे गेला, कडा ठोकून सरळ करावी म्हणून. जावयांनी कोपर धरले. मध्ये पाणी होते.

आपला,
एक निवृत्त रेकॉर्ड कीपर,
सोलापूर