नाशिकच्या तिवंधा चौकातल्या काकूंना, जाहीर आभाराचं पत्र

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

पेढे घेऊन आलो होतो तेव्हा तुम्ही अर्धा पेढा तोंडात टाकलात आणि बॉक्स परत माझ्या हातात ठेवलात. "आभार मानायचेत ना, मग लिहून मान. चार लोकांना उपयोग होईल. माझं नाव नको, त्याचं तर नकोच." म्हणून नावं गाळून लिहितोय. पत्र आधी त्याला, म्हणजे ज्या मित्राला समजून घ्यायला तुम्ही मला शिकवलंत त्याला, वाचायला दिलं. त्याने शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या आणि एका ठिकाणी समासात 'हे असं घडलं नव्हतं' असं लिहिलं. तेवढं दुरुस्त केलंय.

2023 ची रंगपंचमी. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो: जुन्या नाशकात पेशव्यांच्या काळातले दगडी हौद आहेत, त्यांना आम्ही रहाड म्हणतो. वर्षभर त्या बुजवलेल्या असतात, रस्त्यावरून चालणाऱ्याला पायाखाली काय आहे ते कळतही नाही. रंगपंचमीला उघडतात, रंगीत पाण्याने भरतात आणि माणसं वरून उड्या टाकतात. त्याला धप्पा म्हणतात. मी दरवर्षी मारतो. त्या वर्षी त्यालाही ओढून नेलं. "चल रे, दहा मिनिटं." दहाची चाळीस झाली. "आवाज जास्त आहे," असं तो दोनदा म्हणाला. मी हसलो. मग कोणीतरी त्याला धप्प्यासाठी मागून कवेत उचललं आणि तो किंचाळला. त्या पोराला कोपर लागलं, गर्दी ओरडली, आणि हा तुमच्या ओट्यावर जाऊन कान दाबून पुढे-मागे झुलत बसला. "जास्त झाली वाटतं," असंही कोणी म्हणालं. त्याने आयुष्यात बिअरसुद्धा घेतलेली नाही.

तुम्ही बाहेर आलात. त्याला हात लावला नाही, काय झालं म्हणून विचारलं नाही. आतल्या खोलीचं दार उघडलंत, दिवा बंद केलात, पाण्याचा तांब्या ठेवलात. मला म्हणालात, "तू इथे बस. आणि बोलू नकोस." पंचवीस मिनिटांनी तो बाहेर आला आणि त्याने विचारलं, "या रहाडीत किती लिटर पाणी मावतं?" तुम्ही म्हणालात, "मोजलं नाही रे कधी. रिकामी असेल तेव्हा ये."

आम्ही पाचवीपासून एका बाकावरचे, पण त्याला इतकं सरळ उत्तर मी तोवर कधी दिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी एकटाच आलो, तेव्हा कळलं की तीस वर्षं तुम्ही विशेष मुलांच्या शाळेत शिकवलंय. मी मोबाइलवर शोधून तयारीनिशी आलो होतो: "काकू, त्याला ॲस्पर्गर आहे बहुतेक." तुम्ही चहा गाळत होतात. "मी डॉक्टर नाही आणि तूही नाहीस," एवढंच म्हणालात. मग त्या नावाची गोष्ट सांगितलीत. व्हिएन्नाचे डॉक्टर हान्स ॲस्पर्गर, 1944 चा त्यांचा लेख. 1981 मध्ये लोर्ना विंग या ब्रिटिश बाईंनी ते नाव जगासमोर आणलं. 2013 पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तकात ते वेगळं निदान राहिलं नाही, सगळं 'ऑटिझम स्पेक्ट्रम' या एकाच मोठ्या निदानात गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या यादीतही तसंच. शिवाय 2018 मध्ये हेरविग चेख या इतिहासकाराने कागदपत्रांवरून दाखवलं की नाझी राजवटीत त्या डॉक्टरांनी काही मुलांना व्हिएन्नाच्या अशा संस्थेत पाठवलं होतं, जिथे मुलं मारली जात. तरीही ज्यांना ते निदान आधीच मिळालंय त्यांच्यातल्या काहींना ते नाव आपलं वाटतं, तो त्यांचा प्रश्न, असंही तुम्ही म्हणालात. "आणि याला रक्ततपासणी नाही, स्कॅन नाही. जाणकार माणूस बसून बोलतो, लहानपणापासूनचं विचारतो, बघतो. तुझ्या मोबाइलवरच्या वीस प्रश्नांत ते होत नाही."

तिथे मला गप्प बसता आलं असतं, पण मी कबूल केलं. रंगपंचमीनंतर तिसऱ्या रात्री अकरा वाजता तेच वीस प्रश्न मी त्याला पाठवले होते, खाली 'हे तूच आहेस बघ' असं लिहून. तेव्हापासून त्याने माझा फोन उचलला नव्हता. तुम्ही ओरडला नाहीत. "ते पाठवून कोणाची सोय झाली, त्याची की तुझी?" इतकंच विचारलंत. दुकानात परत येईपर्यंत मला उत्तर सापडलं होतं आणि ते माझ्या बाजूचं नव्हतं.

आमचं दुकान भांडी बाजारात, आजोबांपासूनचं, तांब्या-पितळेचं. पूर आला की पहिल्यांदा आमची धावपळ. त्याचा जीव गोदावरीच्या पाण्यात. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं, होळकर पुलाखाली किती, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की छातीला, 1969 चा पूर, 2008 चा, 2016 चा. एकदा सुरू झाला की चाळीस मिनिटं. मी बहुतेकदा हं-हं करत बिलं फाडत असे. 4 ऑगस्ट 2019 ला, रविवारी, सकाळी त्याचा फोन: "खालच्या दोन फळ्यांवरचा माल वर घे." नमस्कार नाही, कसा आहेस नाही, फोन बंद. मी वैतागलो, पण घेतला माल वर. त्या दिवशी पाणी सराफ बाजारात शिरलं. हे मी तुम्हाला त्याच्या विचित्रपणाचा नमुना म्हणून सांगितलं होतं, हसत. तुम्ही हसला नाहीत. "त्याने सकाळपासून तुझ्या दुकानाच्या फळ्या मोजल्या होत्या," म्हणालात. "अजून कशी चौकशी करायची माणसाने?"

काकू, त्या वाक्यावर मी कित्येक दिवस होतो. मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. शब्द करणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, पण ऐकणाऱ्याला वाटतं की हा माणूस स्वतःतच बुडालेला, दुसऱ्याचं सोयरसुतक नाही. ज्याला माझ्या फळ्यांची उंची पाठ, तो स्वमग्न, आणि हं-हं करणारा मी मात्र मनमिळाऊ! डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक संशोधकाने 2012 मध्ये मांडलेली गोष्ट तुम्ही सांगितलीत, की अडचण दोन्हीकडून असते: त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्यालाही ते कळत नाहीत, फक्त संख्येने आपण जास्त असल्यामुळे दोष त्यांच्या नावावर पडतो. मला ते पटायला आईचं उदाहरण लागलं.

आई त्याला वर्षानुवर्षं म्हणायची, "कधीही ये रे, घर तुझंच आहे." एकदा तो रविवारी पहाटे पावणेसहाला आला. कधीही म्हणजे कधीही. आईने चहा दिला, पण तोंड एवढंसं. त्याहून मोठं दुखणं म्हणजे निघताना तो "जातो" म्हणतो. आपल्याकडे घरातून निघणारा "येतो" म्हणतो, जातो म्हणणं अशुभ. आईने दहा वेळा टोकलं. तो म्हणायचा, "पण मी जातोय." मी ही तक्रार तुमच्याकडे आणली, तर तुम्ही मलाच एक दिवस माझं बोलणं मोजायला लावलंत. 'बघू', 'सांगतो', 'या एकदा', 'थोडं ॲडजस्ट करा', 'तसं काही नाही'. संध्याकाळपर्यंत सत्तावीस झाले, त्यातला एकही जसाच्या तसा खरा नव्हता. तो सातपूरच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर अशा शब्दांचे अर्थ लावायचे, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, योग्य जागी हसायचं, आणि घरी येऊन दिवा न लावता तासभर पडून राहायचं. मला तो माणूसघाणेपणा वाटायचा. तो थकलेला असायचा.

माफी कशी मागायची तेही तुम्हीच सांगितलंत: फुलं नकोत, भाषण नको, काय चुकलं ते लिही. मी तीन ओळी पाठवल्या. 'प्रश्न पाठवले ते चुकलं. तू आवाज जास्त आहे म्हणालास तेव्हा निघायला हवं होतं. गुरुवारी साडेसहाला दुकानात असेन, यायचं नसेल तरी चालेल.' सतराव्या दिवशी, गुरुवारी, साडेसहाला तो आला. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "त्यातले चौदा प्रश्न बरोबर होते."

आता मिसळ खायला आम्ही मंगळवारी सकाळी साडेसातला जातो, रविवारच्या रांगेत नाही. रस्सा वेगळ्या वाटीत, तर्री नको, पोऱ्याने वरून ओतायचं नाही, हे मी आत शिरतानाच सांगतो. त्याला पुरे झालं की तो चहाचा रिकामा कप उपडा ठेवतो आणि आम्ही उठतो, मग माझं वाक्य अर्धं राहिलं तरी. लग्नाकार्याला न्यायचं तर कोण येणार, जेवण कधी, किती वाजता निघायचं हे आदल्या दिवशी लिहून पाठवतो. पुराबद्दल त्याला वीस मिनिटं मिळतात, मग माझी वीस. ही वाटणी त्यानेच केली, कारण सगळं त्याच्या कलाने घ्यायला मी लागलो तर मी चिडेन, असं त्याचं म्हणणं. बरोबर आहे. एकदा चिडलोही होतो.

तपासणीचा विषय मी परत काढला नाही. तुम्ही सांगितलं होतं की 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, प्रमाणपत्रही निघू शकतं, पण हवंय का ते त्याने ठरवायचं. गेल्या पावसाळ्यात त्यानेच ठरवलं. दोन बैठका झाल्यात, तिसरी बाकी आहे. त्या मॅडमनी लहानपणच्या आठवणी लिहून मागितल्यात, आईकडून आणि जुन्या मित्राकडून. मला कागद देताना म्हणाला, "चांगलं लिहू नकोस, खरं लिही." काय निष्कर्ष निघेल माहीत नाही. नाही असं निघालं तरी तर्री नकोच असणार आहे.

आईचंही ऐका. परवा तो उठला आणि म्हणाला, "जातो. गुरुवारी साडेसहाला परत आहे." आई आतून म्हणाली, "पावणेसातला ये, तोवर भाकऱ्या होतात." त्याने घड्याळात बदल करून घेतला.

एक काम होतं. यंदा रहाड उघडून साफ करतील तेव्हा, पाणी भरायच्या आधी, कळवाल का? तो मोजायला येणार आहे, टेप आणि वही घेऊन. सकाळी सातला येऊ, आठला निघू. चहा तो घरून घेऊनच निघतो, तेव्हा आग्रह करू नका. मी घेईन.

आपला,
भांडी बाजारातला तांब्या-पितळेवाला