आबांचं कीर्तन टीव्हीवर आणून दिलेल्या पोराला

लेकरा,

तुझं नाव टाकू नका म्हणलास म्हणून टाकत नाही, पण अंबाजोगाईत आमच्या गल्लीला बरोबर कळतंय कुणाबद्दल चाललंय ते. तोंडावर थँक्यू म्हणलं की तू विषय बदलतोस, म्हणून इथंच जाहीर आभार मानायलेय.

आबांना मोबाईलच्या एवढ्याशा स्क्रीनवर कीर्तन दिसत नाही, आणि टीव्हीवर काही केल्या येईना. फोनवरचं टीव्हीवर पाठवायचं ते कास्टचं चिन्ह दाबलं की नुसतं गोल फिरायचं, टीव्हीचं नावच यायचं नाही. दुकानवाला म्हणला नवा टीव्ही घ्या (तो दुसरं काय म्हणणार म्हणा). तू आलास आणि पहिलं विचारलंस, काकू फोन कोणत्या वायफायला आहे? राउटरवर दोन नावं, एक घरचं, एक गेस्ट, वायफाय लावून गेलेल्या माणसानं फोन गेस्टवर टाकलेले अन् टीव्ही घरच्यावर, आणि गेस्टवाल्याला घरातलं बाकी काही दिसू नये म्हणूनच ती सोय असते, मग टीव्ही दिसणार कसा. वर आमच्या जुन्या घराच्या दगडी भिंती लई जाड, वायफायच्या 5 गीगाहर्ट्झ पट्ट्याची रेंज बैठकीपर्यंत येता येता मरायची, ते पण तू टीव्हीला भिंतीतून जास्त लांब जाणाऱ्या 2.4 वर टाकून मिटवलंस.

एवढं करून गेला असतास तरी खूप झालं असतं, पण तू बसून समजावलंस, आणि खरे आभार त्याचेच. कास्ट केलं की फोन टीव्हीला फक्त व्हिडिओचा पत्ता देतो, व्हिडिओ टीव्ही स्वतःच नेटवरून ओढतो, म्हणून फोन लॉक करून ठेवला तरी कीर्तन चालूच. मिररिंगमध्ये मात्र फोनची अख्खी स्क्रीन जशीच्या तशी तिकडं जाते, फोन तापतो, बॅटरी उतरते, आणि मधेच मेसेज आला तर तो पण टीव्हीवर. आमच्या ह्यांना आलेला एक मेसेज सगळ्या पाहुण्यांनी वाचलाय, कुणाचा ते विचारू नको. पैसे भरून घेतलेल्या ॲपमधला पिक्चर मिररिंगनं काळा का दिसतो ते पण तेव्हाच कळलं, कॉपी होऊ नये म्हणून कंपनीनंच कुलूप लावलेलं असतंय.

आणि ते मिराकास्ट, म्हणजे राउटरशिवाय फोनवरून थेट टीव्हीवर मिररिंग! 2012 पासूनचं आहे, तुमच्या टीव्हीत पण असेल म्हणलास, निघालं की. मागं रस्त्याच्या कामात जेसीबीनं वायर तोडली, नेट गेलं, अन् नेमक्या तेव्हाच भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ बघायला बायका जमलेल्या. फोन अन् टीव्ही थेट एकमेकाला जोडले, ना नेट लागलं ना राउटर. आता गल्लीतल्या बायका मलाच बोलवायल्यात, फक्त माझ्या बहिणीच्या फोनात ते मिराकास्ट सापडेना, तेवढं एकदा येऊन बघून जा.

पैसे तर घेतले नाहीस, निदान तुझ्या आईकडं धपाट्याचा डबा दिलाय तो तरी परत पाठवू नको.

तुझी,
समोरच्या घरातली काकू