पाठराखणीनेच नेत्याचे नुकसान

संपादक महोदय,

निवडणूक जवळ आली आणि पक्षनेतृत्वावर गैरव्यवहाराचा आरोप झाला की त्या पक्षाचे मंत्री, आमदार आणि प्रवक्ते झाडून सारे एका सुरात नेत्याची तळी उचलू लागतात, हे आता आपल्या अंगवळणी पडले आहे. ‘आरोप नेमके निवडणुकीच्या तोंडावरच कसे?’ हा त्यांचा प्रतिप्रश्नही ठरलेला असतो. विरोधक या प्रश्नाने गप्प बसत नाहीत ते नाहीतच, पण अशा पाठराखणीचा खरा फटका त्या नेत्यालाच बसतो, असे माझे मत आहे. बोफोर्स प्रकरणाकडे या अंगाने पुन्हा एकदा पाहायला हवे.

स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी मार्च १९८६ मध्ये सुमारे ४०० तोफांचा करार झाला आणि १६ एप्रिल १९८७ रोजी स्वीडिश रेडिओने या व्यवहारात लाच दिली गेल्याची बातमी दिली. तेव्हा पंतप्रधान राजीव गांधी यांच्या सरकारने आणि काँग्रेस पक्षाने घेतलेली पहिली भूमिका अशी की, या सौद्यात दलाल नव्हतेच आणि हा सगळा देशाला अस्थिर करण्याचा डाव आहे. जूनमध्ये स्वीडनच्याच लेखापरीक्षण विभागाने पैसे दिले गेल्याचे नमूद केल्यावर ‘दलाली नाही, जुने करार मोडल्याची भरपाई’ असे स्पष्टीकरण पुढे आले. बी. शंकरानंद यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीवर प्रमुख विरोधी पक्षांनी बहिष्कार घातला होता. तिने १९८८ मध्ये तेच स्पष्टीकरण ग्राह्य धरले. समितीतील अण्णा द्रमुकचे अलादी अरुणा यांनी मात्र आपले भिन्नमत लेखी नोंदवले.

पक्षात राहून प्रश्न विचारणाऱ्यांचे काय झाले, तेही आठवावे. संरक्षणमंत्रिपद सोडलेल्या विश्वनाथ प्रताप सिंह यांची जुलै १९८७ मध्ये पक्षातून हकालपट्टी झाली आणि पुढच्याच वर्षी ते अलाहाबादची पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत परतले. त्याच वर्षी आणलेले मानहानी विधेयक लोकसभेत संमत होऊनही वृत्तपत्रांच्या विरोधामुळे गुंडाळावे लागले. निवडणुकीच्या वर्षात, म्हणजे १९८९ मध्ये, महालेखापरीक्षकांनी तोफांच्या निवडप्रक्रियेवर ताशेरे ओढले, तेव्हा सत्ताधाऱ्यांनी अहवालातील मुद्दे बाजूला ठेवून थेट महालेखापरीक्षक टी. एन. चतुर्वेदी यांच्यावरच तोंडसुख घेतले. (चतुर्वेदी पुढे भाजपचे खासदार झाले हे खरे, पण त्यामुळे आधीचे हिशेब चुकीचे ठरत नाहीत.) अखेर विरोधी खासदारांनी राजीनामे दिले आणि नोव्हेंबरमधील निवडणुकीत, पाच वर्षांपूर्वी चारशेहून अधिक जागा जिंकलेला पक्ष १९७ वर आला.

आता यातील खरी खेदाची बाब. राजीव गांधी यांच्यावरील लाचखोरीचे आरोप दिल्ली उच्च न्यायालयाने रद्दबातल केले ते फेब्रुवारी २००४ मध्ये, म्हणजे त्यांच्या हत्येला जवळपास तेरा वर्षे होत आली तेव्हा. गुन्हाही नोंदवला गेला तो सत्तांतरानंतर, १९९० मध्ये. ‘गली गली में शोर है’ ही घोषणा ऐन प्रचारात देशभर घुमत असताना तिला उत्तर देता येईल असा एकही विश्वासार्ह तपास पक्षाच्या हाती नव्हता, कारण तो होऊ न देण्यातच पक्षाची माणसे दोन वर्षे गुंतली होती. निष्ठा दाखवण्याच्या चढाओढीत आपल्याच नेत्याचा निर्दोष ठरण्याचा मार्ग आपण बुजवत आहोत, हे त्यांपैकी एकाच्याही ध्यानात आले नसेल, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. बोलण्याची छाती झाली नाही इतकेच.

हा रोग एकाच पक्षाचा नाही. मार्च २००१ मध्ये ‘तहलका’ या वृत्तसंकेतस्थळाने संरक्षण व्यवहारांतील लाचखोरीबद्दल छुप्या कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रफितींमुळे भाजपाध्यक्ष बंगारू लक्ष्मण यांना पद सोडावे लागले. संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनीही राजीनामा दिला, पण चौकशी आयोगाचे काम सुरू असतानाच त्याच वर्षी ते पुन्हा संरक्षणमंत्री झाले.

आपल्याला एक विनंती आहे. प्रवक्त्याने दिलेला खुलासा छापताना त्याच पक्षाने त्याच प्रकरणात आधी दिलेले खुलासे, तारखांसह, शेजारच्या चौकटीत द्यावेत. मतदानापर्यंत ही चौकट वाढत गेली तर जागेची अडचण होईल याची कल्पना आहे. प्रचारसभांचे फोटो थोडे कमी केले तरी चालतील.

आपला,
एक वाचक, सातारा