माऊस माझ्या हातात ठेवणाऱ्या सरांस

सप्रेम नमस्कार.

शीर्षकातला ‘णाऱ्या’ आधी बघा. मी स्वतः टाइप केलाय. ‘ऱ्य’साठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. कुणाला विचारलं नाही.

आमच्या कॉलेजचे संगणक सांभाळता सांभाळता तुम्हाला हुबळीला नोकरी लागली, त्या निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळाच्या गडबडीत काही बोलता आलं नाही. भाषणं तुमच्या ‘सेवाभावा’वर झाली. मला बोलायचं होतं ते तुमच्या हातांविषयी.

मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झालं तेव्हा मराठी शिकवायला लागून मला सत्तावीस वर्षं झाली होती आणि खडू सोडून दुसरं हत्यार मी हातात धरलं नव्हतं. म्हणजे त्याआधी एका ठिकाणी तीन दिवसांची कार्यशाळा केली होती, खोटं कशाला बोलू. ऐंशी जण एका सभागृहात, पडद्यावर बाण इकडून तिकडे पळतोय आणि सांगणारे गृहस्थ ‘एकदम सोपं आहे’ म्हणत पुढच्या स्लाइडवर. जेवण चांगलं होतं. प्रमाणपत्र फायलीत आहे.

जूनमध्ये आम्ही पाळीपाळीनं कॉलेजात यायला लागलो. पहिल्या दिवशी मी उठून तुम्हाला खुर्ची द्यायला लागले, तर म्हणालात, “मॅडम, तुम्हीच बसा की. मी उभारतो.” आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभारलात. मूडलवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन वर्गावर, पहिला पाठ चढवायला मला पावणेदोन तास लागले. तुम्ही तो पाच मिनिटांत चढवला असता हे मला दिसत होतं. मागच्या कपाटाच्या काचेत तुमची बोटं चुळबुळताना दिसत होती, तेही. पण माऊसला हात लावला नाहीत. मी चुकीच्या बटणाकडे निघाले की नुसतं “हं...” करायचात. माझ्या मुलानं तर दुसऱ्या मिनिटाला लॅपटॉप ओढून घेतला असता, आणि मी तो प्रेमानं दिलाही असता.

तुमच्याकडून घेतलेलं दुसरं शहाणपण म्हणजे प्रश्न उलटा विचारणं. मी व्याख्यानाचे व्हिडिओ करून पाठवत होते. साडी बदलून, पुस्तकांचं कपाट मागे धरून. दहा मिनिटांची फाईल शंभर एमबीच्या पुढे. आमची निम्मी मुलं खानापूरच्या पश्चिमेकडची, जांबोटी-कणकुंबीची. मलप्रभा जिथं उगम पावते तिथं पाण्याला तोटा नाही, रेंजला आहे. पोरं टेकडीवर चढून, छत्रीत फोन धरून बसायची. तुम्ही विचारलंत, “मॅडम, तुमचा चेहरा दिसायलाच पाहिजे काय?” जरा लागलं मला, खरं सांगते. मग नुसता आवाज, तोही एकपदरी (मोनो), सेकंदाला ३२ किलोबिट (केबीपीएस) असं करून दाखवलंत, म्हणजे माझ्याकडून करून घेतलंत. तीच दहा मिनिटं अडीच एमबीच्या आत बसली.

आता ‘ऱ्या’चं. आपलं बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली झालं. त्याआधी आम्ही धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली, आणि माझे प्रश्नसंच त्या काळापासूनचे, जुन्या फॉन्टातले. उघडले की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. तुम्ही हसलात. कन्नडच्या जुन्या नुडी फॉन्टातल्या फायली युनिकोडात, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरांत, आणून आणून तुमची नजर सरावली होती. प्रश्नसंच बदलून झाले, पण ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ होत्या तिथं ‘सह्याद्रीच्या दर्या’ झालं. डोंगरातून थेट समुद्रात! मी म्हटलं, राहू दे, मुलं समजून घेतील. तुम्हाला देवनागरी येत होती ती शाळेच्या हिंदीपुरती. तरी पुस्तक पडद्याशेजारी धरलंत आणि म्हणालात, “पुस्तकात र चंद्रकोरीसारखा हाय. इथं डोक्यावर जाऊन बसलाय.” अर्थ नाही, आकार बघितलात. मी अर्थ वाचत होते म्हणून ते चालवून घेत होते.

मग माझ्याच पॅडवर कन्नडात ‘रँक’ लिहून दाखवलंत. आमच्यात पण हाच रोग हाय, म्हणालात. तिथं र लिहून त्याच्याखाली य जोडायचा असतो, पण संगणक र उचलून य च्या पुढे अर्कावत्तू, म्हणजे कन्नडचा रफार, करून ठेवतो. त्याला अडवायला मध्ये एक न दिसणारं, शून्य रुंदीचं जोडचिन्ह घालावं लागतं. मराठीतही तेच घालून चंद्रकोर येते, नाहीतर थेट ‘ऱ’ची कळ. इतकी वर्षं व्याकरण शिकवून माझ्या लिपीची ही गंमत मला कन्नड अक्षरावरून कळली.

आणि तीच गंमत चाचणीत अंगलट आली. ‘शेतकरी’चं सामान्यरूप लिहा. उत्तर ‘शेतकऱ्या’. अकरा मुलांना शून्य. एक मुलगी फोनवर भांडायला लागली, “मॅडम, तेच तर लिहिलंय!” खरंच तेच होतं. दोन्ही उत्तरं एकाखाली एक ठेवली तरी केसाचा फरक दिसेना. रात्री साडेनऊला तुम्हाला फोन केला. तुम्ही जेवत होता, ताटाचा आवाज येत होता. म्हणालात, “शेवटाला जावा आणि बॅकस्पेस मारा. मोजा.” माझं ‘ऱ्या’ चार दाबांत पुसलं गेलं. तिचं पाच! तिच्या फोननं साधा र घेऊन ते न दिसणारं चिन्ह घातलं होतं. डोळ्याला एक, यंत्राला दोन. प्रश्नात दोन्ही रूपं बरोबर म्हणून घातली, पुन्हा गुणांकनाचं बटण दाबलं, अकराच्या अकरा पोरांचे गुण आले. तोवर तुमचं जेवण गार झालं असणार. तेव्हा विचारायचं सुचलं नाही, आज विचारते.

कार्यशाळेला मांडव घालायला पैसे असतात, साडेनऊचा फोन उचलणारा माणूस मात्र अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. हे मी प्राचार्यांनाही बोलले आहे, तेव्हा इथं लिहायला हरकत नाही.

सोबत आपला बेळगावचा कुंदा पाठवते आहे. तिकडे धारवाडचा पेढा जवळ आहे, तरी खा.

आणि एक तक्रार. बसस्टँडच्या वाटेवर एका क्लासचा कन्नड फलक आहे. त्यावरचं ‘रँक’ चुकलंय, हे मला हल्ली चालत्या बसमधून दिसतं. रोज दिसतं.

तुमची,
मराठी विभागातली मॅडम