यंदा पोळ्याला येणे होणार नाही

तीर्थस्वरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

यंदा पोळ्याला मी घरी येणार नाही. तिकीट रद्द केले आहे. हे फोनवर सांगायला गेले असते तर आईचा आवाज ऐकून माझा निश्चय डळमळला असता, म्हणून लिहीत आहे. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दादा-वहिनी असतील, तरीही मी जवळ नसणार, हे मनाला सतत लागून राहिले आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांपैकी साउथ रोनाल्डसेवर ऑगस्टमध्ये मुलांचा एक सण असतो आणि लोकांसमोर सादर करायचा माझा नवा प्रयोग त्यावरच बेतलेला आहे. मुली घोड्याचा साज अंगावर चढवतात. त्यावर घुंगरे, मणी, आरसे, झालरी असतात आणि मागे शेपूटही असते. हे पोशाख घराघरांत पिढ्यान् पिढ्या जपलेले आहेत. मुलगे किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत छोट्या नांगरांनी तासे काढतात. त्यांतले कित्येक नांगर जुन्या लोहारांनी घडवलेले, आजोबांकडून नातवाकडे आलेले आहेत. परीक्षक खाली वाकून तास सरळ आहे का, शेवट नीट उतरला आहे का, हे पाहतात. बाबा, बांधावर उभे राहून तुम्हीही औताकडे असेच पाहत होता. ट्रॅक्टर आले तसे तिथले औताचे घोडे गेले, साज मात्र मुलांच्या अंगावर राहिला.

आपल्या तान्ह्या पोळ्याला माझ्या लाकडी बैलाला आई बाशिंग बांधायची आणि बाबा आदल्या संध्याकाळी त्याच्या खांद्याला हळद-तूप चोळायचे, तेही खऱ्या बैलाइतक्याच गांभीर्याने. माझ्या प्रयोगात ओहोटीच्या वाळूवर मीच जू ओढणार आहे आणि मीच नांगर धरणार आहे. गळ्यात सर्जाची घुंगरमाळ असेल. सर्जानंतर आपण दुसरी जोडी आणली नाही, त्याबद्दल मी काही विचारत नाही. त्या माळेचा आवाज लोकांच्या कानांवर पडावा, एवढेच मला वाटते. हे काम पुढे ढकलता आले असते तर ढकललेच असते; पण सण वर्षातून एकदाच येतो, आणि जुने नांगर दाखवण्याइतका विश्वास तिथली घरे आता कुठे टाकू लागली आहेत.

माझी काळजी करू नका. खोली उबदार आहे, तूरडाळ आणि तांदूळ पुरेसे आहेत, आणि आईने दिलेला गोडा मसाला मी जपून वापरते. मी बेटावर अडकून पडेन असेही समजू नका. महायुद्धात बांधायला घेतलेल्या आणि १९४५ मध्ये खुल्या झालेल्या बंधाऱ्यांवरून मुख्य बेटापर्यंत मोटार जाते आणि तिथे कर्कवॉलला मोठे रुग्णालय आहे.

आता तुम्ही माझे ऐका. बाबांनी ऑपरेशननंतर डोळा चोळायचा नाही, वाकून काही उचलायचे नाही आणि डॉक्टर सांगेपर्यंत शेताकडे फिरकायचे नाही. थेंबांच्या वेळा कागदावर लिहून देवघराशेजारी चिकटवा. आई, गुडघा दुखत असताना पुरणाचा घाट एकटीने घालू नकोस, वहिनीला हाताशी घे, आणि रक्तदाबाची गोळी उपवासालाही चुकवू नकोस. रागावला असाल तर रागवा, पण रात्री फोन मात्र उचला. दिवाळीला मी नक्की येते. तिकीट काढून दादाकडे पाठवले आहे.

तुमची,
छोटी