छायाचित्रातली मालगाडी

रविवारच्या पुरवणीत खामगावच्या जुन्या जिनिंग-प्रेसिंग वस्तीचे छायाचित्र पाहून आनंद झाला, पण त्याखालचे ‘१८६० च्या सुमारास’ हे शब्द पटत नाहीत. डावीकडे कापसाच्या गाठींमागे मालगाडीचे डबे स्पष्ट दिसतात. जलंबहून खामगावला येणारा रेल्वेफाटा सुरू झाला १८७० मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते. त्याआधी इथला कापूस गावातून बैलगाडीनेच निघे. म्हणजे छायाचित्र १८७० नंतरचे, कदाचित बरेच नंतरचे.

धुरांड्याच्या इमारतीला ‘कापड गिरणी’ म्हटले आहे, तेही तपासावे. जिनमध्ये सरकी वेगळी होते, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जातात. दोन्हीकडे वाफेचे इंजिन, म्हणून धुरांडे. कापड विणण्याचा इथे संबंध नाही, आणि दारात गाठी रचलेल्या असताना तर ही प्रेस असण्याचीच शक्यता अधिक. (कापूसपट्ट्यातल्या वृत्तपत्राकडून एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.)

उजवीकडचा रस्ता कोणता, हे खामगावातले जुने अडते आणि हमाल सांगू शकतील. त्यासाठी छायाचित्र मोठ्या आकारात पुन्हा छापावे. डब्यांवरची अक्षरे वाचता आली, तर काळही अधिक नेमका ठरवता येईल.

– एक वाचक, जलंब (जि. बुलढाणा)