रोज जवळ बाळगायच्या पिस्तुलातील दोषाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पिस्तूल उत्पादक कंपनी

विषय : ०.३२ बोअर (नळीचे आतील माप) पिस्तुलाचे सदोष मॅगझिन (काडतुसे भरण्याची पेटी) बदलून मिळणे व पिस्तुलाची कारखान्यात तपासणी होणे

महोदय,

मी सातारा जिल्ह्यात सराफी व्यवसाय करतो. रात्री दुकान बंद केल्यावर ऐवज घेऊन गावी जावे लागते, म्हणून मला शस्त्र परवाना मिळाला आहे. आपल्या कंपनीचे लहान पिस्तूल मी अधिकृत विक्रेत्याकडून घेतले. बिल आणि परवान्याची छायाप्रत सोबत जोडली आहे.

निवड करताना मी आकार पाहिला, वजन पाहिले आणि शर्टाखाली ते दिसते का हेही पाहिले. चालवून पाहण्याची सोय विक्रेत्याकडे नसते. आपल्या माहितीपत्रकात ‘लहान पण दमदार’ असे छापले आहे, पण गोळीचा वेग किती लांबीच्या नळीतून मोजला ते कुठेही दिलेले नाही. नळी आखूड झाली की वेग घटतो. ७१ ग्रेनच्या (सुमारे ४.६ ग्रॅम) गोळीला या बोअरमध्ये साधारण १७५ ज्यूल ऊर्जा मिळते, ९ मिलिमीटर बोअरच्या गोळीला याच्या अडीचपटीहून जास्त. ते बोअर सामान्य नागरिकाला प्रतिबंधित आहे, त्यामुळे ०.३२ची ताकद मी समजून-उमजून स्वीकारली. ताकद कमी असेल तर निदान भरवसा पूर्ण हवा, आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे.

रेंजवर प्रशिक्षकांसमोर नुकतेच भरलेले मॅगझिन लावले की पिस्तूल नीट चालते. तेच भरलेले मॅगझिन दिवसभर कमरेला बाळगून, मोटारसायकलवरून फिरून संध्याकाळी चालवले की पहिल्या एक-दोन फायरनंतर अडते. प्रशिक्षकांनी मॅगझिन कानाजवळ हलवून दाखवले. आतली काडतुसे पुढे-मागे खुळखुळत होती. या काडतुसाच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित रुंद असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे सरकली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्लाइडला (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाला) वरचे काडतूस पुढे ढकलता येत नाही. नुसती स्लाइड ओढून हे सुटत नाही, मॅगझिन बाहेर काढून काडतुसे हाताने मोकळी करावी लागतात. अंधाऱ्या रस्त्यावर अंगावर कोणी धावून आले तर तेवढा वेळ कोण देणार?

जॉन ब्राउनिंग यांनी हे काडतूस १८९९च्या सुमारास तयार केले. कडेचा हा स्वभाव शस्त्र बनवणाऱ्यांना तेव्हापासून ठाऊक आहे, आणि मॅगझिनमधली मोकळी जागा आटोक्यात ठेवली तर त्याला आळा बसतो. म्हणून हा दोष मी वापराचा नव्हे, निर्मितीचा मानतो.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले की सुरुवातीचे दोनशे राउंड चालवा, पिस्तूल आपोआप ‘मोकळे’ होईल. हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. एकतर राउंड चालवून मॅगझिनमधली जागा कमी होत नाही. दुसरे म्हणजे, परवान्यावर वर्षभराच्या काडतुसांची मर्यादा नोंदलेली असते आणि प्रत्येक काडतुसाचा हिशेब आम्हाला द्यावा लागतो. तो साठा आपल्या मालाची चाचणी करण्यात संपवला, तर गरजेच्या वेळी माझ्याजवळ काय उरेल? रोज बाळगायच्या हत्याराची खरी चाचणी भरून, हलवून, बाळगून मग चालवण्यात आहे. दारूगोळा आणि रेंज दोन्ही कारखान्याकडे असतात. ही चाचणी विक्रीपूर्वी आपणच करायला हवी आणि तिचा अहवाल पिस्तुलाबरोबर द्यायला हवा.

आणखी एक. सेफ्टीचा (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेला) खटका इतका सैल आहे की होल्स्टरमध्ये घासून तो आपसूक खाली येतो आणि पिस्तूल झाडायला मोकळे होते. घरात मुले आहेत, गाडीवर मागे पत्नी बसते. हे आढळल्यापासून मी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत) काडतूस ठेवत नाही, आणि सध्या पिस्तूल कपाटात कुलूपबंद आहे.

ही वस्तू कुरियरने पाठवता येत नाही. त्यामुळे विक्रेत्यामार्फत, परवान्याच्या नियमांप्रमाणे, ते कारखान्यात नेण्याची व्यवस्था व खर्च कंपनीने करावा. दोन्ही मॅगझिन आणि सेफ्टी बदलून, वर लिहिल्याप्रमाणे चाचणी घेऊन लेखी अहवालासह पिस्तूल परत द्यावे. ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. या मॅगझिनची इतर पिस्तुले ज्यांना विकली आहेत, त्यांनाही कळवावे. त्यांच्यापैकी कोणाला हा दोष प्रसंग आल्यावरच कळू नये.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला,
एक परवानाधारक ग्राहक, जि. सातारा

सोबत : बिल, परवान्याची छायाप्रत, अडकलेल्या काडतुसांची छायाचित्रे, प्रशिक्षकांचा लेखी अभिप्राय